बर्फातल्या गावची रात्र आणि रात्रीचे जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. सातवीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. त्यानंतर हातात कागद घेऊन उभे राहण्याचा प्रसंग आला तो रेशनच्या रांगेत. पण चिटणीसबाई तीन वेळा घरी आल्या. त्यांचे म्हणणे, "तुम्ही तीन महिने स्वित्झर्लंडात राहून आलात, तिथल्या पर्वतांचे वर्णन करा." मी म्हटले, पर्वत तर कॅलेंडरवरही असतात. मला कळते ते चुलीपाशीचे. तिथली माणसे रात्री काय जेवतात, कुठे जेवतात, आणि जेवून उठल्यावर काय करतात हे विचाराल तर सांगेन. शिवाय मला एक चूक दुरुस्त करावयाची आहे, ती ओघात येईल.

माझी थोरली मुलगी म्युरेन नावाच्या गावी असते. जावई गोव्याचे, फोंड्याचे. त्यांच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, त्या आधारावर त्यांना पोर्तुगालचे पारपत्र मिळाले आणि युरोपात नोकरी करता आली. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी यावे ही आपली रीत. पण तिला प्रवास झेपण्यासारखा नव्हता, तेव्हा माहेरच उठून तिच्याकडे गेले. 2023 च्या डिसेंबरात पहिल्याच आठवड्यात मी निघाले. सामानात अळीव, डिंक, मेथी, कुळथाचे पीठ आणि सोलं. कपडे उरलेल्या जागेत.

झुरिचहून आगगाडीने इंटरलाकेन, तिथून लाउटरब्रुनेन, तिथून तारेवरचा पाळणा, आणि पाळण्यातून उतरले की पुन्हा एक लहानशी आगगाडी. इतके झाले म्हणजे म्युरेन येते. उंची सुमारे 1640 मीटर, म्हणजे आपल्या आंबोलीच्या दुपटीहून जास्त. समोर दरी आणि दरीपलीकडे आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ अशी तीन शिखरे ओळीने बसलेली. म्योंख म्हणजे संन्यासी आणि युंगफ्राउ म्हणजे कुमारिका. कुमारिकेची उंची 4158 मीटर. संध्याकाळी तिच्या अंगावर गुलाबी ऊन पडते तेव्हा मात्र हातातले काम टाकून बघत राहावेसे वाटते. झाले माझे पर्वतांचे वर्णन.

गावात मोटारी नाहीत. सामानाला विजेच्या लहान गाड्या, आणि बायका मुलांना व बाजाराच्या पिशव्यांना लाकडी घसरगाडीवर बसवून दोरीने ओढत नेतात. कायमची वस्ती पाचशेच्या आतली, पण हिवाळ्यात पाहुणे त्याच्या कितीतरी पट. ते येतात पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळायला. त्याला स्की म्हणतात.

आता तिथली संध्याकाळ. पाचाच्या आतच काळोख पडतो. चारच्या सुमारास डोंगरावरून मंडळी उतरू लागतात आणि ते जड बूटही न काढता हॉटेलांच्या ओट्यांवर बसतात. कोणी गरम चॉकलेट घेतो, वर ढब्बूभर साय. कोणी लवंग-दालचिनी घालून तापवलेली तांबडी वाईन घेतो. तिचा वास आपल्या काढ्यासारखा येतो, म्हणून पहिल्या दिवशी मला वाटले गावात सर्दीची साथ आहे. ही बैठक साडेपाच-सहापर्यंत. मग स्नाने, आणि साडेसहापासून जेवणे. आपल्याकडे त्या वेळी दिवे लागलेले असतात इतकेच. नऊच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरे बंद. उशिरा आलेल्याला गार पाव-चीज मिळाले तर त्याचे नशीब.

गाव इतके शांत कसे, असे मी मुलीला विचारले. ती म्हणाली, बहुतेक हॉटेलांत खोलीबरोबर सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरलेले असते, त्यामुळे माणूस जिथे राहतो तिथेच जेवतो, रस्त्यावर येतच नाही. दुसरे म्हणजे सकाळी लवकर उठून डोंगरावर जायचे असते. तिसरे, इथे येतात ती पोराबाळांची माणसे आणि वर्षानुवर्षे त्याच खोलीत उतरणारी म्हातारी जोडपी. ज्यांना नाच-गाणी हवीत त्यांच्यासाठी दुसरी गावे आहेत. इथे दोनचार बार आहेत, तळघरातून कधी गाण्याचा ठोका ऐकू येतो, बर्फाच्या मैदानावर दिवे लावून मुले घसरतात. पण दहा वाजले की सगळे आवाज खाली येतात. आमच्या वाडीत गणपतीच्या दिवसांत कोणाला सांगून बघा!

पदार्थांचे सांगते. पहिले रोश्टी. म्हणजे काय, तर उकडलेला बटाटा किसून, तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी तांबूस केलेला. अहो, आपला उपासाचा बटाट्याचा कीस, फक्त जिरे-मिरची-दाण्याचे कूट नाही आणि थालीपीठासारखा एकसंध उलटलेला! बर्न प्रांतातल्या शेतकऱ्यांची ही पूर्वी सकाळची न्याहारी, म्युरेन त्याच प्रांतात येते. दुसरा पदार्थ गुराख्यांचा: मॅकरोनी, बटाटा, साय आणि चीज एकत्र, वर तळलेला कांदा, आणि बाजूला सफरचंदाचा गोड गर. उन्हाळ्यात गुरे घेऊन डोंगरावर राहणाऱ्यांना वाळकी मॅकरोनी वर नेणे सोपे, दूधदुभते तिथेच, म्हणून हे जेवण निघाले. खारटाबरोबर गोड गर हे मला आधी पटले नाही, मग पटले. तिसरे राक्लेट. चीजचा मोठा गोळा आचेपुढे धरायचा आणि वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यावर खरवडून घ्यायचा. बरोबर लोणच्यातली काकडी आणि कांदे.

आणि फोंड्यू. जावई फोंड्याचे आणि पदार्थ फोंड्यू, यावरून मुलीने मला पुष्कळ हसवले. जाड बुडाच्या भांड्याला आतून लसूण चोळतात, त्यात पांढरी वाईन तापवतात, दोन तऱ्हेचे चीज किसून घालतात, गुठळी होऊ नये म्हणून मक्याचे पीठ, आणि लाकडी डावाने इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे ढवळत राहतात. भांडे टेबलावर मंद दिव्यावर ठेवायचे आणि सर्वांनी लांब काट्याला शिळ्या पावाचा तुकडा टोचून त्यातच बुडवून खायचे. ताजा पाव चालत नाही, गळून पडतो. ज्याचा तुकडा भांड्यात पडेल त्याला काहीतरी दंड. वर गार पाणी प्यायचे नाही, पोटात गोळा होतो म्हणतात, चहा किंवा वाईन घ्यायची. हे आज साऱ्या देशाचे पक्वान्न मानतात, पण जावई म्हणाले की 1930 नंतर तिथल्या चीज विकणाऱ्या संघाने जाहिराती करून ते घरोघर पोचवले. एका माणसाला 30 फ्रँकच्या आसपास पडते. तेव्हा फ्रँक शंभर रुपयांच्या जरा खाली होता. म्हणजे पावाला लावून खायच्या चीजचे जवळजवळ तीन हजार रुपये! माझे महिन्याचे दुधाचे बिल तेवढे होते.

डोंगरावर याहून महाग जागा आहे. शिल्टहॉर्न नावाच्या शिखरावर 2970 मीटर उंचीवर एक गोल भोजनगृह आहे, ते बसल्या जागी आपल्याला घेऊन फिरते. 1969 साली आलेल्या जेम्स बाँडच्या एका चित्रपटात ते होते, तेव्हापासून नाव गाजले. मी वर गेले नाही. बाळंतीण घरी, आणि जेवताना ताटाने फिरावे अशी माझी इच्छाही नाही.

नातू डिसेंबरच्या मध्याला इंटरलाकेनच्या इस्पितळात झाला. चौथ्या दिवशी मायलेकरे घरी. घर म्हणजे हॉटेलच्या नोकरांसाठी बांधलेल्या इमारतीतली एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा.

आता ती चूक. माझ्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा मध्यस्थांनी सांगितले होते, "मुलगा स्वित्झर्लंडात हॉटेलात कामाला आहे." साखरपुड्याला कोणी विचारले, कसल्या कामाला? तर माझ्या तोंडून निघून गेले, मॅनेजर आहेत. एकदा म्हटले ते म्हटले. पुढे हळदीकुंकवात, भोंडल्यात, बाजारात तेच. शेवटी आपल्या मंडळाच्या अहवालात अभिनंदनाच्या यादीतही ते छापून आले. ते पान मी कापून फडताळात ठेवले आहे.

नाताळ आणि नवे वर्ष यांच्या मधला आठवडा म्हणजे तिथला ऐन हंगाम. जावई सकाळी जात ते रात्री अकराच्या सुमाराला येत. एका रात्री साडेनऊला मुलीला हुडहुडी भरली, अंग चटका बसावा असे तापले. जावयांना फोन लागेना. स्वयंपाकघरात फोन जवळ ठेवू देत नाहीत. मी बाळाला तिच्या कुशीत दिले, लुगड्याखाली तिचे लांब बूट चढवले, वर जावयांचा जुना कोट, आणि निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हॉटेलांच्या खिडक्यांतून मेणबत्त्यांचा उजेड, आत माणसे चमच्याने हळू हळू गोड खात बसलेली. दोनदा घसरले. त्यांच्या हॉटेलच्या दर्शनी दाराने जायचा धीर झाला नाही, म्हणून मागल्या दाराने गेले.

दार उघडले तर वाफच वाफ. रबराचा लांब एप्रन लावलेले, बाह्या कोपराच्या वर, हात तांबडे झालेले जावईबापू मोरीपाशी उभे होते. समोर फोंड्यूच्या भांड्यांची चळत, चाळीस तरी असतील. बुडाला करपलेले चीज ते लाकडी पट्टीने खरवडत होते. त्यांनी मला पाहिले आणि खाली मान घातली. मीही खाली पाहिले. काय बोलावे ते सुचेना, तेवढ्यात तापाची आठवण झाली.

मुख्य आचाऱ्याने लगेच त्यांना सोडले. श्रीलंकेचा एक तमिळ गृहस्थ भाजीच्या टेबलावरून उठून त्यांच्या जागी उभा राहिला. आम्ही दोघे बर्फातून चालू लागलो. अर्धी वाट झाल्यावर ते म्हणाले, "आई, मी तुम्हाला मॅनेजर आहे असे कधीच सांगितले नव्हते."

मी म्हटले, "नाही. ते मीच सांगितले."

पुढे घरापर्यंत दोघेही बोललो नाही. त्यांनी माझा दंड मात्र धरला होता, घसरू नये म्हणून.

ताप दूध साकळल्याचा होता. तिकडे सुईण घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहून जाते, तिला फोन केला, तिने सांगितले तेच मी करायला घेतले होते: गरम फडक्याचा शेक आणि बाळाला पुन्हा पुन्हा पाजणे. शिवाय तिने तापाची गोळी द्यायला सांगितली आणि सकाळी येऊन तपासून गेली. दोन दिवसांत उतरला. पण माझी झोप गेली. मी वयाच्या अकराव्या वर्षापासून घरची भांडी घासते आहे. सासरी आल्यावर बारा माणसांची घासली. आणि तेच काम जावयाने केले तर मला लोकांत सांगायला तोंड नाही, हे माझे मलाच त्या रात्री ऐकावे लागले. मुलीला मी विचारले, "तू मला का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "आई, तू इतक्या कौतुकाने सांगत होतीस." सकाळी जावयांना मी एवढेच म्हटले, की चिकटलेल्या भांड्यावर कढत पाणी घालू नका, दुधाच्या पातेल्यासारखे आधी गार पाण्यात भिजत घाला. ते हसले आणि म्हणाले, "आई, ते मला इथे शिकायला सहा महिने लागले."

त्यानंतर म्युरेनची खरी रात्र मला दिसू लागली. पाहुणे निजल्यावर ती सुरू होते. जावई आले की मी कुळथाची पिठी आणि भात गरम करी. खिडकीतून समोरच्या काळ्या डोंगरावर दिवे चढताना दिसत. पहिल्या रात्री मी जावयांना उठवले होते, "अहो, देवचार निघाला!" आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात तो हातात दिवटी घेऊन हद्दीवरून फिरतो ना, अगदी तसे. ती यंत्रे होती. दिवसभर उकरलेला बर्फ सकाळच्या पाहुण्यांसाठी सपाट करून ठेवायचा, म्हणून माणसे रात्रभर ती चालवतात. खाली धुलाईच्या खोलीत चादरी फिरत असत, पहाटे पाववाल्याकडे दिवा लागे.

बारशाला बारावा दिवस साधला नाही, हंगामच तसा. जानेवारीत गर्दी ओसरल्यावर एका रात्री अकरा वाजता केले, कारण सगळ्यांना सवड तेव्हाच. पाळणा म्हणून चादरी वाहायची वेताची टोपली, तिला मुलीची पैठणी गुंडाळली. खोल्या झाडणाऱ्या पोर्तुगीज बायका आल्या, तमिळ गृहस्थ पत्नीला घेऊन आले. पोर्तुगीज बायकांनी दालचिनी भुरभुरलेला गोड भात आणला होता, जावई म्हणाले गोव्यात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे हा खाल्लेला आहे. आपल्या तांदळाच्या खिरीची सख्खी बहीण. मी घुगऱ्या दिल्या. दहानंतर आवाज करायचा नाही, म्हणून पाळणा आम्ही कुजबुजत म्हटला. कुजबुजत म्हटलेला पाळणा मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्या बायकांना एक अक्षर कळत नव्हते, पण त्याही टोपलीला हात लावून डोलत होत्या.

वर्षातून एक रात्र मात्र हे गाव गाजते. जानेवारीच्या अखेरीस इन्फेर्नो नावाची शर्यत असते. इन्फेर्नो म्हणजे नरक. शिल्टहॉर्नवरून खाली लाउटरब्रुनेनपर्यंत, पूर्ण वाट मिळाली तर 14.9 किलोमीटर. 1928 साली पहिल्यांदा झाली तेव्हा 17 जण होते, आता 1800 हून अधिक उतरतात, बारा-बारा सेकंदांनी एकेक. आदल्या रात्री सैतानाचा मोठा पुतळा मशालींनी मिरवत नेतात आणि जाळतात. पुढे ढोल आणि पितळी वाजंत्री, मुद्दाम बेसूर वाजवणारी. जावई दारात उभे राहून ओरडले, "आई, हा तर आमचा नरकासुर!" दिवाळीच्या पहाटे गोव्यात जाळतात तोच. त्या रात्री हॉटेलांत उभे राहायला जागा नव्हती आणि दहाचा नियम कोणी काढला नाही. ते सकाळी चारला घरी आले.

आगगाडीच्या स्टेशनाजवळ एक स्मारकाचा दगड आहे. त्यावर आर्नल्ड लन यांचे नाव. त्यांनी 1922 मध्ये याच गावात काठ्यांमधून वळणे घेत उतरायची शर्यत पहिल्यांदा लावली. हे गृहस्थ जन्मले 1888 मध्ये मद्रासला! वडील हेन्री लन तिथे मिशनरी डॉक्टर होते. पुढे वडिलांनी इंग्रज पाहुण्यांच्या सहली काढल्या आणि हिवाळ्यात बंद राहणारे हे गाव त्यांच्यामुळे 1910 च्या सुमारास हिवाळ्यातही उघडे राहू लागले. तोवर थंडीत इथे पाहुणाच नव्हता, मग हॉटेलातले जेवण कुठले. त्या काळचे पाहुणे दिवसभर बर्फात लोळून रात्री काळा पोशाख चढवून जेवायला बसत. आता लोकरीच्या बंडीवर बसतात. ते बरे.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी निघणार, त्याच्या आदल्या आठवड्यात जावयांची सुट्टी होती. त्यांनी मला जेवायला बाहेर नेले. मी नको नको म्हणत होते, तीन हजारांचा आकडा डोक्यात होता. गावातल्या एका जुन्या लाकडी भोजनगृहात साडेसहाचे टेबल सांगून ठेवले होते, आणि वाईन न घालता सफरचंदाच्या रसात फोंड्यू करायला सकाळीच कळवले होते. मुलगी, जावई, मी आणि टोपलीत नातू. भगिनींनो, माझ्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. सर्वांच्या आधी पाटावर बसून मी कधी जेवले नाही, आणि मांडीवर हात ठेवून कोणी वाढण्याची वाटही पाहिली नाही. पहिली दहा मिनिटे माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. वाढायला आलेल्या मुलीला मी दोनदा उठून मदत करायला गेले. जावई म्हणाले, "आई, बसा. तिचे काम तिला करू द्या."

माझा पाव एकदा पडला. दंड म्हणून गाणे म्हणायला लावले, तेही कुजबुजत. शेवटी भांड्याच्या बुडाशी चीजची कुरकुरीत खरवड राहते. आपण दुधाच्या पातेल्याची खाजवून खातो तीच. तिच्यासाठी टेबलावर भांडणे होतात. तिकडे तिला म्हणतात ग्रोसमुटर, म्हणजे आजी. जावयांनी ती चमच्याने अलगद सोडवली आणि अख्खी माझ्या ताटात ठेवली. "आजीचा वाटा," म्हणाले. खारट होती, जरा करपलेली, फार छान लागली.

उठताना मी त्या वाढणाऱ्या मुलीला खुणेने सांगितले, की हे भांडे आधी गार पाण्यात घाल. जावयांनी तिच्या भाषेत सांगितले. ती हसली आणि मागल्या दाराकडे बोट दाखवून काहीतरी बोलली. आत त्यांचाही कोणीतरी आहे, त्याला ठाऊक आहे, असे म्हणाली म्हणे.

चिटणीसबाईंना माझी विनंती आहे की यंदाच्या अहवालात दुरुस्ती छापावी. माझे जावई मॅनेजर नाहीत. ते म्युरेनला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी धुतात, आणि मी परतले त्या महिन्यापासून त्यांना सकाळी रोश्टीच्या तव्यावरही उभे करतात.